शेजारच्या खुर्चीवरचा माणूस

२५ एप्रिल २०२२ च्या रात्री ब्रुकलिनच्या बार्कलेज सेंटरमध्ये बॉस्टन सेल्टिक्सने ब्रुकलिन नेट्सला ११६-११२ असं हरवलं. सातपैकी चार सामने जिंकायची ती मालिका होती. सेल्टिक्सने पहिले चारही जिंकले आणि पाचव्या सामन्याची वेळच येऊ दिली नाही. नेट्सकडे केव्हिन ड्युरांट आणि कायरी अर्व्हिंग होते. मुख्य प्रशिक्षक होता स्टीव्ह नॅश. २००५ आणि २००६ अशी लागोपाठ दोन वर्षं एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला, पास देण्याच्या कलेत ज्याच्या तोडीचे फार थोडे झाले, तो हा नॅश. सेल्टिक्सच्या बाजूला उभा होता इमे उडोका. खेळाडू म्हणून त्याचं नाव कधी मोठं झालं नाही. या संघातून त्या संघात, मध्येच छोट्या लीगमध्ये, असं त्याचं खेळाडूपण गेलं. मुख्य प्रशिक्षक म्हणून हा त्याचा पहिलाच हंगाम होता.

आदल्या हंगामात हाच उडोका नॅशच्या बाकावर सहायक प्रशिक्षक होता. त्याआधी सात वर्षं त्याने सॅन अँटोनियोमध्ये ग्रेग पॉपोविचच्या हाताखाली काढली होती आणि एक वर्ष फिलाडेल्फियात. त्या मालिकेत सेल्टिक्सने ड्युरांटला ज्या तऱ्हेने जखडून ठेवलं, चेंडू हातात येण्याआधीच त्याच्या अंगाला अंग लावलं, प्रत्येक ड्रिबलला दुसरा बचावपटू पाठवला, ते पाहताना मला राहून राहून वाटत होतं की हा माणूस ड्युरांटला आतून ओळखतो. वर्षभर त्याच्याच सरावात उभा राहिलेला माणूस होता तो.

नॅशची नेमणूक सप्टेंबर २०२० मधली. तोवर त्याने सहायक म्हणून एकही हंगाम काढला नव्हता. गोल्डन स्टेट वॉरियर्सच्या खेळाडूंना तो अधूनमधून मार्गदर्शन करायचा, तेवढाच अनुभव. नेट्सकडे तेव्हा जॅक व्हॉन हंगामी प्रशिक्षक होता आणि त्याने दहापैकी सात सामने जिंकून दिले होते. त्याला बाजूला ठेवून नॅश आला. कृष्णवर्णीय प्रशिक्षक वर्षानुवर्षं रांगेत थांबलेले असताना एका गोऱ्या माजी खेळाडूला थेट ही जागा कशी, असा सवाल झाला. आपल्याला गोरेपणाचा फायदा मिळत आला आहे हे नॅशने लपवलं नाही. ते त्याच्या स्वभावाला धरूनच होतं. पहिल्या हंगामात त्याच्या शेजारी बसायला आला माइक डी’अँटोनी. फिनिक्समध्ये नॅशला दोन्ही वर्षी सर्वोत्तम खेळाडू होताना ज्याने पाहिलं, तो त्याचा जुना प्रशिक्षक आता त्याचाच सहायक झाला होता. त्याच बाकावर उडोका आणि व्हॉनही होते. ७२ सामन्यांच्या त्या छोट्या हंगामात नेट्सने ४८ जिंकले. दुसऱ्या फेरीत मिलवॉकीविरुद्ध सातव्या सामन्याच्या शेवटच्या सेकंदाला ड्युरांटने मारलेला चेंडू बास्केटमध्ये गेला, पण त्याच्या बुटाचं टोक तीन गुणांच्या रेषेवर होतं. तीनाऐवजी दोनच गुण मिळाले, जादा वेळ खेळावा लागला आणि नेट्स हरले. बुटाच्या त्या टोकाने नॅशची कारकीर्द बदलली असं मी म्हणेन.

कारण त्याच उन्हाळ्यात डी’अँटोनी गेला आणि उडोका बॉस्टनला मुख्य प्रशिक्षक झाला. नॅशचा दुसरा हंगाम ४४-३८ वर आला. सगळा दोष त्याचा नव्हताच. लस न घेतल्यामुळे अर्व्हिंगला न्यूयॉर्कच्या नियमानुसार घरचे सामने बराच काळ खेळता आले नाहीत. जेम्स हार्डनला संघ सोडायचा होता आणि फेब्रुवारीत तो गेला. ड्युरांट, अर्व्हिंग आणि हार्डन हे त्रिकूट एकत्र जेमतेम १६ सामने खेळलं. २०२२ च्या उन्हाळ्यात, मी किंवा नॅश यांपैकी एकाची निवड करा, असं ड्युरांटने मालकांना सांगितल्याच्या बातम्या आल्या आणि १ नोव्हेंबरला, नवा हंगाम सात सामन्यांचा होतोय न होतोय तोच, नॅश गेला. त्याच्या जागी आला जॅक व्हॉन.

एखाद्या मोठ्या खेळाडूला थेट मुख्य प्रशिक्षक नेमलं की अमेरिकेत सगळी चर्चा त्याच्या नावाभोवती फिरते. मोठा खेळाडू चांगला प्रशिक्षक होऊ शकतो का, हाच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो. गेली काही दशकं चाळून पाहिली तर मला त्याचं उत्तर नावात सापडत नाही. अनुभव नसलेला मुख्य प्रशिक्षक टिकतो की पडतो, हे बहुतेक वेळा त्याच्या शेजारच्या खुर्चीत ठरतं. तिथे कोण बसलंय, त्याचं ऐकलं जातंय का, आणि तो उठून गेल्यावर काय उरतं.

हे काम बाहेरून दिसतं तसं नाही. टीव्हीवर आपल्याला सूटातला किंवा ट्रॅकसूटातला एक माणूस बाजूरेषेवर येरझाऱ्या घालताना, पंचांवर ओरडताना दिसतो. त्यामागे ८२ सामन्यांचा साखळी हंगाम असतो, ऑक्टोबर ते एप्रिल, आठवड्याला तीन-चार सामने, रात्री उशिरा विमान, दुसऱ्या दिवशी दुसरं शहर. सरावाला वेळ इतका कमी की बरंचसं शिकवणं व्हिडिओच्या तुकड्यांवर आणि मैदानावरच्या संथ चालत्या उजळणीत होतं. सहायकांमध्ये प्रतिस्पर्धी संघ वाटून दिलेले असतात. ज्याच्या वाट्याला जो संघ, त्याने त्या संघाच्या चाली, सवयी, कच्चे दुवे काढून आणायचे. ४८ मिनिटांच्या खेळात पाच जण आत, बाकीचे बाहेर. कोणाला कधी बसवायचं, कोणासोबत कोणाला उतरवायचं, हे दर काही मिनिटांनी ठरवायचं. टाइमआउट मिळतो ७५ सेकंदांचा. त्यातले पहिले काही सेकंद प्रशिक्षक खेळाडूंकडे न जाता आपल्या सहायकांसोबत बाजूला उभे राहतात, आणि मग एकच जण खेळाडूंपुढे बसून बोलतो. मला तर सामन्यातला तो घोळकाच सगळ्यात बघण्यासारखा वाटतो. आपल्याकडे पहाटे उठून सामना पाहणाऱ्यांनी जाहिरात लागायच्या आधीचे ते चार-पाच सेकंद नीट पाहावेत. कोण बोलतंय आणि कोण ऐकतंय ते कळतं.

मोठ्या खेळाडूने हे सगळं खेळाडू म्हणून अनुभवलेलं असतं, पण एका जागेवरून. कोणत्या क्षणी पास द्यायचा हे नॅशच्या हाताला कळायचं. ते कळणं बाविशीतल्या एखाद्या राखीव गार्डच्या हातात उतरवायचं तर त्याचे तुकडे पाडावे लागतात, क्रम लावावा लागतो, दहा वेळा तेच सांगावं लागतं. ज्याला ते कधी तुकड्यांत शिकावंच लागलं नाही, त्याला ते तुकड्यांत सांगता येत नाही, निदान सुरुवातीला तरी.

मग संघमालक असं का करतात? पैशाचं गणित सरळ आहे. एनबीएत संघातला मोठा खेळाडू प्रशिक्षकापेक्षा कितीतरी जास्त कमावतो आणि त्याचा करार पक्का असतो. प्रशिक्षकाला काढणं सोपं, खेळाडूला काढणं अवघड. अशा खेळाडूवर प्रशिक्षकाची सत्ता चालते ती फक्त मिनिटांची, म्हणजे खेळवायचं की बसवायचं एवढीच, आणि मोठ्या खेळाडूच्या बाबतीत तीही नावापुरतीच. तेव्हा ताऱ्याचं ऐकायला तारा हवा असं मालकाला वाटतं. नेमणुकीनंतर महिन्याभरातच अर्व्हिंग ड्युरांटच्या पॉडकास्टवर म्हणाला की आपल्याला मुख्य प्रशिक्षक आहे असं मी फारसं मानत नाही, ड्युरांटही प्रशिक्षक होऊ शकतो, मीही होऊ शकतो. ताऱ्यासाठी तारा आणला आणि त्याला मिळालेलं उत्तर हे.

जुन्या काळात हा प्रश्नच वेगळा होता. १९६६ मध्ये बिल रसेल सेल्टिक्सचा खेळाडू-प्रशिक्षक झाला, एनबीएमधला पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक. १९६८ आणि १९६९ ची विजेतेपदं त्याने खेळत खेळत मिळवली. तेव्हा शेजारी खुर्चीच नव्हती. सहायकांची आजची फौज नंतरची. पण रसेल तिथे दहा वर्षं एकाच संघात, एकाच पद्धतीत मुरलेला होता. तोच रसेल १९८७ मध्ये सॅक्रामेंटोला गेला तेव्हा १७ जिंकून ४१ हरला आणि हंगाम संपण्याआधी बाजूला झाला.

विल्ट चेंबरलेनची गोष्ट दुःखाची आहे. १९७३ मध्ये एबीए या दुसऱ्या लीगमधल्या सॅन दिएगो कॉन्क्विस्टाडोर्सने त्याला वर्षाला सहा लाख डॉलरवर खेळाडू-प्रशिक्षक म्हणून आणलं. लेकर्स कोर्टात गेले, खेळायला मनाई झाली, उरलं फक्त प्रशिक्षकपद. त्यात विल्टचं मन नव्हतं. कधी कधी तो सामन्यालाच यायचा नाही. संघ चालवायचा त्याचा सहायक स्टॅन अल्बेक. संघ ३७-४७ राहिला. अल्बेक पुढे एनबीएत चार संघांचा मुख्य प्रशिक्षक झाला, त्यात शिकागोत तरुण मायकल जॉर्डनचाही.

आणि मॅजिक जॉन्सन. २७ मार्च १९९४ ला त्याने लेकर्सची सूत्रं हातात घेतली तेव्हा हंगामाचे १६ सामने उरले होते. पहिल्या सहापैकी पाच जिंकले. लॉस एंजेलिस वेडं झालं. मग सलग दहा हरले. सरावात एका खेळाडूचा पेजर वाजला म्हणून मॅजिकने तो भिंतीवर आपटला, ही त्या काळातली गाजलेली हकीकत. त्याचं दुःख मला समजतं. ज्याच्यासाठी खेळ हाच श्वास होता त्याला संघात अशी माणसं दिसली की ज्यांना हरणं झोंबत नव्हतं, आणि झोंबायला कसं लावायचं हे त्याला कोणी शिकवलेलं नव्हतं. हंगाम संपला आणि तो पुन्हा त्या खुर्चीवर बसला नाही.

लॅरी बर्डचं प्रकरण याच्या नेमकं उलट आहे, आणि त्यावर मला जरा थांबायचं आहे. १९९७ मध्ये इंडियाना पेसर्सने त्याला नेमलं तेव्हा त्याची प्रशिक्षणातली पाटी पूर्ण कोरी होती. पेसर्स आदल्या हंगामात ३९-४३ होते. बर्डने आधी दोन माणसं मागितली. एक डिक हार्टर. डेट्रॉइटमध्ये चक डॅलीसोबत आणि न्यूयॉर्कमध्ये पॅट रायलीसोबत काम केलेला, बचाव शिकवण्यात आयुष्य घालवलेला म्हातारा. दुसरा रिक कार्लाइल. बर्डसोबत सेल्टिक्समध्ये बाकावर बसलेला राखीव गार्ड, जो खेळणं संपल्यावर न्यू जर्सी आणि पोर्टलंडमध्ये सहायक म्हणून शिकला होता. बचाव हार्टरकडे, आक्रमण कार्लाइलकडे. टाइमआउटमध्ये पाटीवर चाल काढायचा तो बहुतेक वेळा कार्लाइलच. बर्ड शेजारी उभा राहायचा.

मग बर्ड काय करायचा? शिस्त ठेवायचा. वेळेवर न आलेल्या दोन खेळाडूंना धावपट्टीवर सोडून संघाचं विमान उडालं; त्यानंतर उशीर करायची कोणाची हिंमत झाली नाही. संघात कोण काय करणार हे त्याने स्पष्ट केलं आणि हंगामभर त्यात बदल केला नाही. सामना चालू असताना तो जवळपास ओरडायचाच नाही. जे शिकवायचं ते सरावात झालं, आता खेळाडूंनी खेळावं, असं त्याचं मत. आणि सहायक बोलत असताना तो मध्ये पडायचा नाही. आपल्या नावामुळे खेळाडू कोणाचंही ऐकतील हे त्याला माहीत होतं, म्हणून त्याने ते नाव हार्टर आणि कार्लाइल यांच्या पाठीशी उभं केलं. पहिल्याच वर्षी पेसर्स ५८-२४. तो वर्षाचा सर्वोत्तम प्रशिक्षक ठरला. जॉर्डनच्या शिकागोला त्यांनी सातव्या सामन्यापर्यंत खेचलं आणि अवघ्या पाच गुणांनी हरले. २००० मध्ये अंतिम फेरी गाठली, लेकर्सकडून २-४ हार. तीन वर्षांपेक्षा जास्त एका प्रशिक्षकाने एका संघाला काही सांगू नये असं तो म्हणत आला होता. तीन वर्षं झाली आणि तो गेला.

जाताना त्याला कार्लाइल वारस म्हणून हवा होता. पेसर्सने नेमला आयझाया थॉमस, पुन्हा एक मोठा खेळाडू, पुन्हा एनबीएच्या बाकाचा अनुभव शून्य. कार्लाइल डेट्रॉइटला गेला आणि २००२ मध्ये वर्षाचा सर्वोत्तम प्रशिक्षक झाला. २००३ मध्ये बर्ड पेसर्सच्या व्यवस्थापनाचा प्रमुख म्हणून परतला, थॉमसला काढलं, कार्लाइलला आणलं. त्या हंगामात पेसर्सने ६१ सामने जिंकले. २०११ मध्ये याच कार्लाइलने डॅलसला विजेतेपद मिळवून दिलं, आणि २०२५ मध्ये पेसर्सला अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यापर्यंत नेलं. बर्डने केलेलं सगळ्यात मोठं प्रशिक्षण कोणतं असं मला विचारलं तर मी म्हणेन, त्याने कार्लाइलला बोलू दिलं.

२०१४ च्या उन्हाळ्यात असे दोन प्रयोग एकाच वेळी झाले. न्यूयॉर्क निक्सच्या फिल जॅक्सनला स्टीव्ह कर हवा होता. करने निक्सला नकार देऊन वॉरियर्स निवडले, आणि निक्सने डेरेक फिशरला नेमलं. फिशर १८ हंगाम खेळलेला, पाच विजेतेपदांचा मानकरी, आणि नेमणुकीच्या दहाच दिवस आधीपर्यंत प्लेऑफमध्ये खेळत होता. निक्सचा तो हंगाम १७-६५, संघाच्या इतिहासातला सगळ्यात वाईट. दुसऱ्या हंगामाच्या मध्यात फिशरला काढलं. वॉरियर्स करच्या हाताखाली पहिल्याच वर्षी ६७-१५ आणि विजेते.

दोन संघांत जमीन-अस्मानाचा फरक होता हे आधी मान्य करायला हवं. करकडे स्टेफ करी होता. शिवाय कर स्वतः कधी तारा नव्हता. तो बाकावरून उठून तीन गुणांचे फटके मारणारा माणूस, त्यामुळे त्याची अर्धी कारकीर्द सामना बाहेरून पाहण्यात गेली होती. नंतर फिनिक्सचा जनरल मॅनेजर म्हणून त्याने निर्णयाची दुसरी बाजू पाहिली. पण त्याने केलेलं पहिलं काम बर्डसारखंच होतं. अनेक संघांचं मुख्य प्रशिक्षकपद भोगलेला ॲल्व्हिन जेंट्री आक्रमणासाठी, बचावासाठी रॉन ॲडम्स. त्या वर्षीच्या अंतिम फेरीत क्लीव्हलंड २-१ ने पुढे असताना सेंटर अँड्र्यू बोगटच्या जागी आंद्रे इग्वोडालाला सुरुवातीपासून खेळवायची कल्पना निघाली निक युरेन या कर्मचाऱ्याकडून. युरेन करचा मदतनीस, पदाने बाकावरचा सगळ्यात खालचा. जुने व्हिडिओ पाहून त्याने ते सुचवलं, करने ते केलं, आणि वॉरियर्स पुढचे तिन्ही सामने जिंकले. श्रेय कोणाचं हे करने उघड सांगितलं.

करच्या आधी त्याच संघावर मार्क जॅक्सन होता, समालोचकाच्या खुर्चीतून थेट आलेला. त्याने वॉरियर्सला बचाव करायला शिकवलं, ५१ सामने जिंकेपर्यंत आणलं. हे त्याचं श्रेय कोणी काढून घेऊ नये. पहिली दोन वर्षं त्याच्या शेजारी मायकल मलोन होता. मलोन गेल्यावर तिसऱ्या वर्षी दोन सहायकांना हंगाम चालू असतानाच दूर केलं गेलं आणि तो बाक मोडला.

आता जेसन किड. माझ्या दृष्टीने हीच या सगळ्यातली सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट. जून २०१३ मध्ये किड निवृत्त झाला आणि नऊ दिवसांनी ब्रुकलिन नेट्सचा मुख्य प्रशिक्षक झाला. शेजारी त्याने मागून घेतला लॉरेन्स फ्रँक, ज्याच्या हाताखाली न्यू जर्सीत तो स्वतः खेळला होता. फ्रँक कधी मोठ्या स्तरावर खेळला नव्हता; इंडियाना विद्यापीठात बॉबी नाइटच्या संघाचा विद्यार्थी-व्यवस्थापक म्हणून त्याने सुरुवात केलेली. रचना बर्डसारखीच दिसत होती. पण डिसेंबरच्या सुरुवातीला किडने फ्रँकला बाकावरून उठवलं आणि रोजचे अहवाल लिहायच्या कामाला लावलं. त्याच्या काही दिवस आधी लेकर्सविरुद्धच्या सामन्यात नेट्सचे टाइमआउट संपले होते. किड हातात पेला घेऊन उभा राहिला, आपल्याच खेळाडूला धक्का मारायला सांगितलं, पेय मैदानावर सांडलं, ते पुसेपर्यंत वेळ मिळाला आणि एका सहायकाने चाल काढून दिली. नेट्स हरलेच. किडला ५० हजार डॉलर दंड झाला. वर्षाअखेर संघ १०-२१ होता. जानेवारीपासून त्यांनी जोर धरला, ४४-३८ पर्यंत आले, पहिली फेरीही जिंकली. मग किडने संघाच्या व्यवस्थापनातही अधिकार मागितले, ते मिळाले नाहीत, आणि तो मिलवॉकीला गेला. तिथे साडेतीन हंगाम. जानेवारी २०१८ मध्ये तिथूनही काढलं.

इथे बहुतेकांची गोष्ट संपते. किड २०१९ मध्ये लेकर्सचा सहायक झाला. मुख्य प्रशिक्षक फ्रँक व्होगल, केंटकी विद्यापीठात विद्यार्थी-व्यवस्थापक आणि मग व्हिडिओ खोलीतून वर आलेला, व्यावसायिक बास्केटबॉल कधीच न खेळलेला माणूस. लॉरेन्स फ्रँकला ज्या खुर्चीवरून किडने उठवलं होतं, त्या खुर्चीवर आता किड स्वतः बसला. दोन हंगाम बसला. २०२० चं विजेतेपद त्या संघाला मिळालं. २०२१ मध्ये डॅलसमधून कार्लाइल निघाला तेव्हा आपल्या जागी किडला घ्या असं त्याने जाहीरपणे सुचवलं. डॅलसमध्ये पहिल्याच वर्षी किडच्या संघाने साखळीत ६४ सामने जिंकलेल्या फिनिक्सला त्यांच्याच मैदानावर सातव्या सामन्यात ३३ गुणांनी हरवलं, आणि २०२४ मध्ये अंतिम फेरी गाठली. या काळातला किड शांत आहे. सामना हातातून जातोय असं वाटत असताना तो घाईने टाइमआउट घेत नाही, यावरून त्याच्यावर टीकाही होते. मला त्यात खेळाडूंवरचा विश्वास दिसतो. हा विश्वास पहिल्या ब्रुकलिनच्या किडमध्ये नव्हता.

या गोष्टीत एक मराठी आडनावही येतं. मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे २०१३ पासून सॅक्रामेंटो किंग्जचे प्रमुख मालक आहेत. कॅलिफोर्नियात त्यांनी आपल्या मुलीच्या शाळकरी वयाच्या संघाला प्रशिक्षण दिलं होतं. बास्केटबॉल त्यांना येत नव्हतं, म्हणून त्यांनी नवख्या नजरेने खेळ पाहिला आणि पूर्ण मैदानभर दबाव टाकायची पद्धत काढली; माल्कम ग्लॅडवेलने २००९ मध्ये त्यावर लिहिलं आणि ती गोष्ट जगभर गेली. त्या गोष्टीतला एक तपशील सहसा कोणी सांगत नाही: रणदिवे यांनी आपल्या सहकाऱ्याच्या, कॉलेजमध्ये बास्केटबॉल खेळलेल्या मुलीला मदतीला घेतलं होतं. किंग्जसाठी त्यांनी पहिला प्रशिक्षक निवडला तो वॉरियर्समध्ये मार्क जॅक्सनच्या शेजारी बसणारा मायकल मलोन. निवड अतिशय योग्य होती. डिसेंबर २०१४ मध्ये, संघाचा मुख्य सेंटर आजारी असताना, ११-१३ वर मलोनला काढून टाकलं. ती मला आजही न पटणारी गोष्ट आहे. मलोनने २०२३ मध्ये डेनव्हरला त्यांचं पहिलं एनबीए विजेतेपद मिळवून दिलं. किंग्ज तोवर १६ हंगाम प्लेऑफविना राहिले होते. ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या डोममध्ये किंग्ज आणि पेसर्स खेळले, भारतातले पहिले एनबीए सामने, तेव्हा किंग्जच्या बाकावर ल्यूक वॉल्टन होता. कर पाठीच्या दुखण्याने घरी असताना वॉरियर्सला ३९-४ असं चालवणारा वॉल्टन. स्वतःचा संघ मिळाल्यावर तो आकडा पुन्हा जवळही आला नाही. पेसर्सच्या बाकावर होता नेट मॅकमिलन.

हाच मॅकमिलन २०२४-२५ च्या हंगामात लेकर्सच्या बाकावर जेजे रेडिकच्या शेजारी बसला होता, सोबत स्कॉट ब्रुक्स. दोघेही जुने मुख्य प्रशिक्षक. रेडिकची नेमणूक जून २०२४ मधली. त्याआधी लेकर्सने कॉलेजचा विजेता प्रशिक्षक डॅन हर्लीला सहा वर्षांसाठी सात कोटी डॉलर देऊ केले होते आणि तो नाही म्हणाला होता. रेडिक १५ वर्षं एनबीए खेळला, समालोचन केलं, लेब्रॉन जेम्ससोबत पॉडकास्ट केला. प्रशिक्षण म्हणाल तर मुलांच्या संघाचं. पहिल्या हंगामात लेकर्सने ५० सामने जिंकले. हे सोपं नाही. त्याची तयारी, त्याचे बारकावे, टाइमआउटनंतरच्या त्याच्या चाली खरोखर उत्तम होत्या. मग मिनेसोटाविरुद्ध चौथ्या सामन्यात त्याने उत्तरार्धाची सगळी २४ मिनिटं तेच पाच खेळाडू ठेवले. एकही बदल नाही. त्यात चाळिशीचा जेम्स. लेकर्स तीन गुणांनी हरले. पाचव्या सामन्याआधी एका पत्रकाराने विचारलं की खेळाडू बदलण्याबाबत तू अनुभवी सहायकांवर जास्त विसंबशील का? रेडिक चिडला. प्रत्येक टाइमआउटला मी सहायकांशी हेच बोलतो, असं म्हणून तो उठून गेला. लेकर्स पाचवा सामनाही हरले. मला त्याच्या रागात एक चांगली गोष्ट दिसली: आपण कोणाशी बोलत नाही, असा आरोप त्याला सगळ्यात जास्त लागला.

आणि मग ती माणसं, ज्यांना हा थेट दरवाजा कधी उघडलाच नाही. पॅट्रिक ईविंग निक्सच्या इतिहासातला सगळ्यात मोठा खेळाडू. निवृत्तीनंतर त्याने आयता मुकुट मागितला नाही. वॉशिंग्टन, ह्यूस्टन, ओरलँडो, शार्लट, जवळपास १५ वर्षं तो सहायक म्हणून उंच पोरांना पाय कसे ठेवायचे ते शिकवत राहिला. एनबीएतलं मुख्य प्रशिक्षकपद त्याला एकाही संघाने दिलं नाही. २०१७ मध्ये तो आपल्या जुन्या जॉर्जटाउन विद्यापीठात गेला. तिथे २०२१ चं एक विजेतेपद सोडलं तर निकाल वाईट लागले हेही खरं. पण तो कॉलेजचा खेळ, तिथे आधी पोरं भरती करावी लागतात. तो ज्या कामासाठी तयार झाला होता ते काम त्याला मिळालंच नाही.

बेकी हॅमन २०१४ मध्ये सॅन अँटोनियोत पॉपोविचच्या हाताखाली एनबीएतली पहिली पूर्णवेळ महिला सहायक झाली. ३० डिसेंबर २०२० ला पॉपोविचला पंचांनी बाहेर काढलं तेव्हा तिने लेकर्सविरुद्ध उरलेला सामना चालवला. २०२१ मध्ये पोर्टलंडच्या शेवटच्या यादीत ती होती. निवड झाली चॉन्सी बिलप्सची, ज्याचा सहायकपदाचा अनुभव एका वर्षाचा. तिचा सात वर्षांचा होता. ती महिलांच्या लीगमध्ये लास वेगास एसेसकडे गेली आणि पहिल्याच वर्षी विजेतेपद मिळवलं, मग २०२३ मध्ये, मग २०२५ मध्ये. एनबीएच्या मुख्य प्रशिक्षकपदी अजून एकही स्त्री बसलेली नाही.

करीम अब्दुल-जब्बार सहा वेळा लीगचा सर्वोत्तम खेळाडू होता, सहा विजेतेपदांचा मालक, आणि जवळपास चार दशकं सर्वाधिक गुणांचा विक्रम त्याच्या नावावर होता. त्याला प्रशिक्षक व्हायचं होतं. तो अबोल, पुस्तकात रमणारा, मालकांच्या मेजवान्यांत न मिसळणारा. १९९८ मध्ये तो ॲरिझोनातल्या व्हाइट माउंटन अपाची लोकांच्या वस्तीत व्हाइटरिव्हर गावच्या शाळेत गेला आणि तिथल्या मुलांचा सहायक प्रशिक्षक झाला. शाळेच्या मुलांना त्याने बचावात हात वर कसे ठेवायचे इथपासून शिकवलं आणि त्या हंगामावर पुस्तक लिहिलं. २००२ मध्ये ओक्लाहोमाच्या एका छोट्या लीगमधल्या संघाला त्याने विजेतेपद मिळवून दिलं. पुढे लेकर्सने त्याला बोलावलं ते कोवळ्या अँड्र्यू बायनमला सेंटरचं पदलालित्य शिकवायला, आणि २००९ व २०१० च्या विजेत्या संघांत बायनम सेंटरच्या जागी खेळला. मुख्य प्रशिक्षकाची खुर्ची करीमला लेकर्सने दिली नाही आणि एनबीएतल्या दुसऱ्या कोणत्याही संघानेही दिली नाही.